आडवी मान, उभी मान

६ मार्च
…आणि मी बाल्कनीत घेवडा निवडत बसले होते, मिन्को कठड्यावर गालिचा टाकून झटकत होता. खाली कुणीतरी गाडी सुरू करायच्या खटपटीत. साधी सकाळ. मी विचारलं, कॉफी टाकू का. त्यानं मान हळूच आडवी हलवली, डावीकडे, उजवीकडे. म्हणजे हो. धूळ घेवड्यात पडली म्हणून मी बोलले त्याला. मग कॉफी टाकली. एवढंच. नवरा जाऊन चार वर्षं होतील.

हे आठवलं त्या ऑनलाइन केअरगिव्हर कोर्समुळे. धडा चौथा. व्हिडिओतली बाई सांगते, समोरच्याला धीर यावा म्हणून मान डोलवा. खाली-वर. आमच्या बल्गेरियात उभी मान म्हणजे नाही, आडवी म्हणजे हो. बाकी जगात उलट. एकोणसाठ वर्षं या मानेनं माझं काही अडलं नाही. आता अडणार, कारण मी परदेशी, आयर्लंडला, नोकरीला जाणार आहे. ऑटिझम असलेल्या माणसांना आधार देणं, हे माझं नवं करिअर. वाचनालयातली त्या विषयावरची सगळी पुस्तकं वाचून झाली. (दोनच होती.)

संकल्प: आजपासून हो म्हणताना उभी मान. घरातसुद्धा.

८ मार्च
महिला दिन. नणंद स्तान्का फुलं घेऊन आली. तिला आयर्लंडचं सांगितलं. म्हणाली, वहिनी, ते आहे कुठे ते तरी माहीत आहे का? मी ठामपणे उभी मान हलवली. ती म्हणाली, नाही ना माहीत, मग कशाला जातेस तडमडायला.

दोष पद्धतीचा नाही. आमच्या स्लिवेन गावात ती अजून पोचलेली नाही, इतकंच.

१० मार्च
बेकरीत बाईनं विचारलं, गरम बानित्सा देऊ? चीजवाली, शेवटचीच होती. मी उभी मान हलवली. तिनं ती मागच्या माणसाला दिली. घरी येऊन शिळा पाव खाल्ला. करिअर म्हटलं की त्याग आलाच.

१३ मार्च
आयर्लंडच्या एजन्सीचा ईमेल. इंटरव्ह्यूआधी एक छोटा व्हिडिओ हवा: मी कुणालातरी 'संवादाला मदत' करताना.

कुणाला, हा प्रश्नच नाही. तळमजल्यावरचा लाझार. पस्तिशीचा आहे. त्याच्या ऑटिझमला त्या दोन पुस्तकांतलं निम्मंच लागू पडतं. बोलतो मोजकंच, तेही वस्तूंची नावं. बाकी सगळं मानेनं. रोज सकाळी बिल्डिंगमधली सगळी पायपुसणी सरळ करतो, वरून खालपर्यंत. त्याची आई डोब्रिंका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. दुपारी लाझारजवळ मी बसते. आधी मिन्को आणि मी बसायचो. मिन्को आणि तो पत्ते लावत बसायचे, एक शब्द न बोलता.

ठरलं. लाझारला आंतरराष्ट्रीय मान शिकवायची. त्याचाही फायदाच आहे.

१५ मार्च
बिस्किट हवं? त्यानं मान आडवी हलवली, त्याच्या नेहमीच्या संथपणे. मी बिस्किट दिलं नाही. हनुवटी धरून मान खाली-वर केली, मग दिलं. त्यानं बिस्किट टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिला. खाल्लं नाही. भूक नसेल.

२१ मार्च
जमलं. बिस्किट? उभी मान. चहा? उभी मान. चारदा चित्रित केलं. चौथ्यात माझे केसही बरे दिसतात. पाठवलं.

डोब्रिंकाला सांगायला हवं का? ती दमून येते. सर्टिफिकेट आलं की एकदमच सांगेन. खूश होईल.

२४ मार्च, सकाळी
डोब्रिंका जिन्यात भेटली. डोळे सुजलेले. म्हणाली, पेनका, हा जेवत नाही गं. कान धरून बसतो. विचारलं, दुखतोय का, तर नाही म्हणतो. परत विचारलं, परत नाही. तू एवढी वाचतेस, तुला काही सुचतंय का?

म्हटलं, लिफ्टची दुरुस्ती चालली आहे, आवाजाचा त्रास होत असेल. अशा लोकांना आवाज सोसत नाही. ती म्हणाली, हो, तसंच असेल. बरं झालं तू आहेस.

पायपुसणी सगळी वाकडी पडली आहेत.

त्याच दिवशी, जेवणानंतर
मनात एक आलं होतं. पण पुस्तकात स्पष्ट लिहिलं आहे की अशी माणसं एकाजवळ शिकलेली गोष्ट दुसऱ्याजवळ सहसा वापरत नाहीत. म्हणजे आईला दिलेलं 'नाही' हे आपलं जुनंच 'नाही'. समाधान झालं. वाडगाभर सूप घेतलं.

२५ मार्च
डोब्रिंकानं रजा घेतली आहे, त्यामुळे खाली जायची गरज नव्हती. एकदा जाऊन विचारता आलं असतं. इंटरव्ह्यूची उत्तरं पाठ केली.

२७ मार्च
डोब्रिंका सकाळीच वर आली. चल माझ्याबरोबर डॉक्टरकडे, तुला त्यांच्या भाषेत बोलता येतं. मी चांगला कोट घातला.

डॉक्टर तरुण होता. लाझारला विचारलं, दुखतंय का. लाझारची मान खाली-वर. डोब्रिंका म्हणाली, बघा, नाहीच म्हणतो. डॉक्टरनं पुन्हा विचारलं. लाझार आता कमरेपासून हलायला लागला, खाली-वर, खाली-वर, आणि बघत होता माझ्याकडे. बिस्किट मागताना बघायचा तसा.

मी भिंतीवरच्या चित्राकडे बघितलं. कानाच्या आतलं चित्र. मला तेव्हाच बोलता आलं असतं.

डॉक्टरनं कानाला हात लावला तेव्हा तो जो ओरडला, तो आवाज मी या बिल्डिंगमध्ये इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. पडदा फुटला होता. पू. डॉक्टर म्हणाला, इतके दिवस थांबलात कशाला, आई आहात ना तुम्ही? डोब्रिंका म्हणाली, अहो, मी रोज विचारत होते. रोज.

बाहेर आल्यावर मी सांगितलं. बिस्किटं, व्हिडिओ, सगळं. तिला आधी समजेना. काय म्हणतेस, उभी म्हणजे हो? कुणाच्यात? मग समजलं. म्हणाली, म्हणजे हा मला रोज सांगत होता. दोघं बसमध्ये चढली. मी पुढच्या बसची वाट पाहिली.

त्याच दिवशी, चार वाजता
इंटरव्ह्यू दिला. वेळ ठरलेली होती, असं लिहिणार होते. खरं म्हणजे रद्द करावासा वाटला नाही. बाई हसरी होती. म्हणाली, व्हिडिओ फार आवडला. तुमच्यामुळे या माणसाला आपलं म्हणणं जास्त चांगलं सांगता येऊ लागलं, हो ना?

पाठ केलेलं उत्तर तोंडातून निघालं नाही. मान हलली, आपली जुनी, खाली-वर. नाही.

ती म्हणाली, फारच छान.

२ एप्रिल
नोकरी मिळाली. मे महिन्यापासून. स्तान्काला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, खरंच घेतलं तुला? मग म्हणाली, मिन्को असता तर सगळ्या स्लिवेनला सांगत फिरला असता. मी फोन ठेवला.

खाली गेले, हातात सूप. डोब्रिंकानं साखळी न काढता दार उघडलं. आत लाझार, कानावर पट्टी. म्हणाली, कान भरून येईल म्हणतात डॉक्टर. पण हे बघ. तिनं मागे वळून त्याला विचारलं, सूप हवं का रे? त्यानं दोन्ही हातांनी आपलं डोकं घट्ट धरलं. हलू नये म्हणून. काहीही विचारलं की असंच करतो, म्हणाली. आता ना आडवी, ना उभी. मग दार लावून घेतलं.

सूप परत वर आणलं. ती संथ आडवी मान त्यानं मिन्कोकडून उचलली होती. पत्ते लावता लावता. मिन्को गेल्यावर ती मला एका लाझारकडेच बघायला मिळत होती, आणि मी ती एकेक बिस्किट देऊन मोडली.

एजन्सीला ईमेल लिहिला. येणार नाही. शब्दांत लिहिलं, मानेवर सोपवलं नाही.

३ एप्रिल
सकाळी सगळ्यात वरच्या, आठव्या मजल्यावर गेले आणि तिथून खालपर्यंत सगळी पायपुसणी सरळ केली. शेवटचं डोब्रिंकाच्या दारातलं. ते केलं आणि बेल वाजवली.