आतलं घरही वर आलं

प्रिय म्योंगिम,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. भिंतीला पाठ टेकून बस आणि मग वाच. तुझा जीव उगाच टांगणीला लागायला नको म्हणून आधीच सांगते, इथे सगळे धडधाकट आहेत. तुझ्या अप्पांचा खोकला आहे तसाच आहे आणि माझी जीभही आहे तशीच आहे. खालचं गाव मात्र आता राहिलं नाही. धरणाचं पाणी चढत चढत अक्रोडाच्या शेंड्यापर्यंत आलं, मग तोही दिसेनासा झाला. आम्ही आता डोंगरावर राहतो, आणि मी ज्या स्वयंपाकघरात अर्धं आयुष्य घालवलं त्याच्याच तुळयांखाली बसून तुला लिहिते आहे. त्या तुळया इथवर कशा आल्या ते तुला माझ्याकडूनच कळायला हवं.

सरकारने आपली पुरुषांची बैठक सुटी करून डोंगरावर न्यायची, वाचवायची ठरवली, कारण तिच्या कपाळावर जुना फलक आहे. पूर्वजांचं देवघर वाचवायचं ठरवलं. नदीकाठचा मंडप तर हवाच, तिथे आजोबा लोक कविता रचायचे आणि आम्ही बायका डोक्यावरून त्यांचं खाणंपिणं पोचवायचो. आम्हा बायकांचं आतलं घर तेवढं पाण्याला सोडलं होतं. मोजमाप घ्यायला आलेला तरुण साहेब फार नम्र होता. म्हणाला, आजी, आतल्या घराला ऐतिहासिक मोल नाही. मी म्हटलं, बाळा, तुमच्या मोलाचे सगळे पुरुष याच घरात जन्मले, बैठकीत एकही जन्मला नाही. तो कानापर्यंत लाल झाला, पण ठरलेलं काही बदललं नाही.

दोंगाम आजोबा तुला आठवतातच. अप्पांचे काका असले तरी साऱ्या कुळाचे मालक असल्यासारखे वागतात. मी त्यांच्याकडे गेले तर म्हणाले, "दोल्गोलवाली, बायकांना काय, सिमेंटची नवी खोली बांधून देऊ. त्यात नळसुद्धा असेल." लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून माझं नाव कोणी घेतलेलं नाही, माहेरच्या गावावरूनच हाक मारतात. त्याचं मला काही नाही. पण त्या दिवशी माझं डोकं फिरलं. ज्या खोलीत मी तुला जन्म दिला, आणि तू तापाने फणफणलेली असताना रात्र रात्र मांडीवर घेऊन बसले, ती खोली म्हणजे यांना नळाच्या बदल्यात द्यायची वस्तू वाटली.

मी भांडले नाही. नुसतं थांबले. तुला माहीत आहे, पूर्वजांच्या नावाच्या पाट्या देवघरातून हलवायच्या तर आधी त्यांच्या कानावर घालावं लागतं, आणि त्यासाठी समोर घरची तांदळाची दारू ठेवावी लागते. ती थोरल्या सुनेने गाळलेली हवी. मी गाळलीही होती, फर्मास उतरली होती. मडकं माझ्या कोठीत होतं आणि कोठीची चावी माझ्या कमरेला. सगळे पांढरे अंगरखे घालून देवघरापुढे उभे राहिले आणि मी निरोप पाठवला, दारू आतल्या घरात आहे, ज्याला हवी त्याने आत येऊन घ्यावी.

म्योंगिम, तू तिथे असायला हवी होतीस. घरधन्याखेरीज कुळातल्या कोणा पुरुषाने आतल्या घरात पाय ठेवायचा नाही, हा नियम त्यांच्याच वाडवडिलांनी केलेला. सगळे मधल्या दारापर्यंत आले आणि तिथेच घुटमळले. मग सगळ्यांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पा म्हणाले, माझे गुडघे दुखतात, आणि पायरीवर बसून राहिले. कुणीतरी बाजारातून बाटली आणली, ती हुंगून दोंगाम आजोबाच ओरडले की पूर्वजांना गुत्त्यात बसवायचंय का. शेजारपाजारच्या सुनांकडे मागणं गेलं, पण त्या दिवशी गावातल्या एकाही बाईच्या घरी दारू नव्हती. पाणी तर रोज वर येत होतं.

शेवटी आजोबांनीच साहेबाला बोलावून सांगितलं, हेही घर न्या, नाहीतर ही बाई आमच्या पूर्वजांना बुडवेल. साहेब म्हणाला, हलवायला माणसं तुमची लागतील. मग आम्ही बायकांनी कौलं डोक्यावरून वाहिली. मातीच्या भिंती उचलून नेता येत नाहीत, त्या इथे नव्याने लिंपल्या. सुतार स्वयंपाकघराच्या काळ्या तुळयांवर रंधा मारायला निघाला होता, त्याला मी हाकलला. ती काजळी माझ्या सासूची आहे आणि माझी आहे.

घर उभं राहिलं त्या दिवशी दोंगाम आजोबा मधल्या दाराबाहेर उभे राहून म्हणाले, "तुझं घर आलं. पण कुळाला काळं फासून गेली तिचा पाय यात पडता कामा नये." तुझं नावही घेतलं नाही त्यांनी. वंशावळीतून खोडलं तेव्हापासून कोणीच घेत नाही. मी म्हटलं, "हे घर बुडत होतं तेव्हा तुम्हाला त्याची काळजी नव्हती. आता यात कोण निजेल तेही मीच बघेन."

धाकटी काकू पुसानच्या बाजारात तुला भेटली होती. तुझे पाय सुजलेत म्हणाली, आणि दवाखान्यात तू एकटीच जाणार आहेस. का म्हणून एकटीने? मुलीचं पहिलं बाळंतपण तिची आई करते. जावईबापूंनाही घेऊन ये. ते आपल्याच गोत्राचे आहेत म्हणून सरकार तुमचं लग्न नोंदवत नाही, कुळ ते मानत नाही. मी मानते. त्यांच्यासाठी बैठकीचं दार उघडलं नाही तर माझ्या ओसरीवर पान वाढेन, सगळ्यांना दिसेल असं. अप्पा अजून काही बोललेले नाहीत, पण काल गुडघे टेकून त्यांनी तुझ्या खोलीच्या जमिनीला नवा तेलकागद चिकटवला आणि चुलीच्या धगीने फरशी खालून नीट तापते का ते तळहाताने पुन्हा पुन्हा बघत राहिले. तेव्हा नीघ आता. दिवसाढवळ्या ये. बसमध्ये कोणी ओळखून विचारलं, कुठे निघालीस, तर मान वर ठेवून सांग, माहेरी.

साऱ्या कुळाची डोकेदुखी आणि तुझीच,
आई