आगीचा घाम

चाचा, पत्राला फार उशीर झाला, माफ करा. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता पत्ता काय घालावा हाच प्रश्न आहे. शिवाय चौथीपर्यंत शिकलेल्याचं अक्षर. तुम्ही आधी त्यालाच हसाल.

नळदुर्गात तुमच्या स्टो-दुरुस्तीच्या दुकानात मी कामाला लागलो तेव्हा माझं लग्न झालेलं होतं, तरी तुम्ही शिकवायला बशीपासून सुरुवात केलीत. स्टो गिऱ्हाइकाला देण्याआधी तुम्ही माठाशेजारी गार केलेली पांढरी बशी कोरडी पुसून ज्योतीवर धरायचा. काजळी धरली तर हवा कमी पडतेय, पुन्हा खोला. पण काजळीच्याही आधी बशीवर बारीक दव यायचं आणि लगेच उडून जायचं. मी म्हणालो, बशी नीट पुसली नसेल. तुम्ही चिडून दुसरी बशी माझ्याच सदऱ्याला पुसलीत. "आग जळती तवा पाणी बी निघतंय. आगीचा घाम हाय त्यो."

मग एके दुपारी किल्ल्यावरून जेट विमान गेलं, मागं पांढरी रेघ सोडत. सगळे म्हणाले, धूर. तुम्ही मान वर करून म्हणालात, "त्याला बी घाम सुटलाय." ते मी हॉटेलात मीठमसाला लावून सांगितलं. मग काय, महिनाभर गिऱ्हाइकं विचारत येताहेत, "चाचा, आमच्या स्टोला घाम आलाय, टॉवेल देता का?" तुम्ही त्यांच्याबरोबर हसता, माझ्याकडं मात्र बघत नाही. माफी मागायचं मी उद्यावर टाकत राहिलो.

आता माझी नात विमानाच्या इंजिनातून निघणाऱ्या धुराचा अभ्यास करते, त्यानं आभाळाचं काय होतं ते बघायला. इंजिन हवा कशी ओढतं, त्यातली बरीचशी आगीला न शिवता बाजूनं कशी निघून जाते, हे तिनं मला कागदावर काढून दाखवलं. मागून येणारी काजळी ती पांढऱ्या गाळणीवर धरते. म्हणजे तुमची बशीच की. मी भीत भीत त्या रेघेचं विचारलं. "आजोबा, ते पाणीच," ती म्हणाली. "वर थंडीत काजळीच्या कणांवर गोठतं." म्हणजे तुमचं खरं, आणि धूर म्हणणारेही अगदीच खोटे नव्हते.

मी हरखून बोलून गेलो, आगीचा घाम. तिला ते इतकं आवडलं, की तिनं ते लिहून प्रयोगशाळेत लावलंय, खाली 'आमचे आजोबा' असं. ते वाक्य तुमचं आहे हे मी तिला सांगितलंच नाही, चाचा. तेव्हा तुमचं हसं केलं, आता तुमचं वाक्य ढापलं. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. रविवारी ती येणार आहे, तेव्हा सांगीन म्हणतो. पण तिनं तो कागद काढून टाकला तर, अशीही धास्ती आहे. हे पत्र स्टोच्या पिनांच्या डबीत ठेवतोय. रागावला असाल तर रविवारच्या आत कळवा.