बुरखेधारी वैमानिक

ब्रुकलिन, मे १९४५

प्रिय लेझर,

तू परत येतोयस कळल्यापासून आई मधाचा केक करतेय आणि मी घरभर येरझाऱ्या घालतेय. तू सैन्यात गेल्यापासून कॉमिक्सच्या मासिकातला तुझा बुरखेधारी वैमानिक मीच काढतेय. संपादक कार्पसाहेबांना मी सांगितलं होतं, तू छावणीतून पानं पाठवतोस. काल ते म्हणाले, "ब्लूमा, सैन्यात जाऊन तुझ्या भावाचा हात सुधारला बघ." मी हसले आणि जिन्यात येऊन रडले.

आज त्यांना खरं सांगून टाकलं. त्यांनी पान उचलून दिव्याखाली धरलं आणि म्हणाले, "पुढच्या अंकात नाव कुणाचं घालू?"

मी माझं सांगितलं.

हे पत्र पाठवायचा धीर होत नाही. बंदरावर तुझ्या तोंडावरच सांगेन.

तुझी धाकटी,
ब्लूमा