हट बेचे अकरा दिवस

मांडवी, रत्नागिरी
१६ फेब्रुवारी

प्रिय शमिका,

सुखरूप पोचल्याचं फोनवर सांगितलंच होतं. पण तुझ्या बेटावरची रेंज अशी, की माझं अर्धं बोलणं मधल्या समुद्रातच पडतं. शिवाय जे सांगायचंय ते अकरा दिवस तुझ्याजवळ राहून मला तोंडाने सांगता आलं नाही, ते फोनवर काय जमणार? म्हणून शेजारच्या कमळाकडून वहीची पानं आणली आणि दुपारची ओटीवर लिहायला बसले. सातवी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, सांभाळून घे.

घर जागच्या जागी आहे. परसातल्या हापूसला मोहोर बरा आहे, अळवाला कमळाने पाणी घातलं. मिरकरवाड्याला बाजाराला गेले तर जो तो विचारतो, अंदमानात काय पाहिलंस, त्या कोठड्या पाहिल्यास का? मी सांगते, मी सुनेला बघायला गेले होते. तू पोर्ट ब्लेअरला विमानतळावर घ्यायला आली होतीस, तेव्हा पहिल्यांदा मी तुला लांबून ओळखलंच नाही. तू कुणाशी तरी बोलताना हसत होतीस. मी दिसले तशी ओढणी सारखी करून पुढे आलीस आणि तुझा चेहरा आपल्या घरातल्यासारखा झाला. ते माझ्या मनाला लागलं. मग बोटीवर मी गप्प होते, ते बोट लागली म्हणून नव्हे. कोळणीला कसली बोट लागते? आठ तास कठड्याला धरून मी तोच विचार करत होते, की माझं तोंड बघून हिचं हसू का मावळलं.

तुझं हट बे आणि सगळं ते लिटल अंदमान बेट मला आवडलं हे मात्र खरं. गावांना नावं कमी आणि किलोमीटरच जास्त, अमकं कुठे राहतं तर सोळा किलोमीटरला, याचं मला अजून हसू येतं. तुझ्या क्वार्टरमागे सुपारीच्या बागा बघून वाटलं, आपण कुठे लांब आलोच नाही. मग तू सुट्टी काढून धबधब्याच्या रानात नेलंस आणि कळलं की खूप लांब आलोय. आपल्याकडे रान म्हणजे जांभ्यावरची करवंदं आणि सड्यावरचं गवत. तिथे त्या गर्जनाच्या झाडाची मुळंच माझ्या डोक्यापेक्षा उंच, भिंतीसारखी उभी. भर दुपारी खाली ऊन पोचत नाही. पोपटांचा थवा ओरडत गेला तेव्हा आवाज आला, पोपट काही दिसले नाहीत. ओढ्याच्या काठाला मगरीची पाटी होती आणि तू माझा हात घट्ट धरलास. एवढी माझी सून, पण रितेश गेल्यापासून तू माझा हात कधी धरला नव्हतास. बघ, रितेश गेल्यापासून असं मी लिहिलं. हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे.

त्या रस्त्याला पुढे दुसरी पाटी होती, पलीकडे ओंगी आदिवासींची राखीव जागा आहे, आत जायचं नाही म्हणून. आपल्या गाडीतल्या एका प्रवाशाने विचारलं, जरा लांबून तरी बघता येईल का, इतक्या लांबून आलोय. गाडी चालवणारा बेंजामिन त्याला शांतपणे म्हणाला, "सर, आपके घर में कोई खिड़की से झाँके तो?" मला त्या पोराचं बोलणं पटलं. कुणाच्या दारात बोलावल्याशिवाय जाऊ नये, हे आपल्याकडेही पूर्वी सगळ्यांना कळायचं.

बेंजामिनबद्दल तू मला एवढंच सांगितलं होतंस की तो तुमच्या दवाखान्याची अँब्युलन्स चालवतो, सुट्टीला भाड्याची गाडी, निकोबारी आहे आणि त्याच्या मावशीने आपल्याला हरमिंदर बेला जेवायला बोलावलंय. सांगताना तू भांडी घासत होतीस आणि घासलेलंच भांडं परत घासत होतीस.

तिथे किनाऱ्यावर ती होडी दिसली आणि मी चप्पल काढून वाळूत धावले. तू मागून हाका मारत होतीस. बाजूला लांब लाकूड बांधलेली होडी, लाटेत कलंडू नये म्हणून. उलांडी. माझे बाबा मिरकरवाड्याला अशाच होड्या बांधायचे. आता सगळीकडे फायबर आणि इंजिनं आली, उलांडी बघून मला तीस वर्षं झाली असतील. मी बेंजामिनला विचारलं, याला तुमच्यात काय म्हणता? तो म्हणाला, "होडी." मला वाटलं थट्टा करतोय. पण तिथे सगळेच होडी म्हणतात. मी त्या लाकडावरून हात फिरवत राहिले. बाबा सुंभाच्या गाठी मारताना मला टोक धरायला लावायचे, ते आठवलं. मी लगेच आत चढून बसायला निघाले, तेव्हा तो घाईने पुढे आला आणि म्हणाला, "आई, वाईच थांबा, ओली आहे."

शमिका, वाईच. जरासं नाही, वाईच. हा शब्द कुठल्या पुस्तकात नाही गो. पुण्याच्या शहरी बोलण्यातही तो येत नाही. मंडणगडच्या तुझ्या माहेरी आणि आपल्या घरात जो शब्द दिवसातून पन्नासदा तोंडात येतो, तो हजार मैलांपलीकडच्या एका निकोबारी माणसाच्या तोंडात आला, तर तो रोजच्या बोलण्यातूनच आला असणार. चहा देताना, गाडीत बसताना, वाट बघताना. मी त्याच्याकडे पाहिलं, मग तुझ्याकडे पाहिलं. तू समुद्राकडे बघत होतीस. तुझे कान लाल झाले होते. मला तेव्हा सगळं कळलं, आणि पहिला आला तो राग. हे मी लपवत नाही. माझा मुलगा ज्या पाण्यात गेला, त्याच पाण्याच्या दुसऱ्या काठाला माझी सून दुसऱ्याला आपली भाषा शिकवते, असं काहीतरी माझ्या मनात आलं. जेवताना मी फार बोलले नाही. तुम्हाला वाटलं असेल, म्हातारीला डुकराच्या मांसाची शिसारी आली. माझ्यासाठी त्याच्या ग्रेसमावशीने वेगळी मासळी केली होती, तीही मला गोड लागली नाही.

जेवण झाल्यावर तू आणि बेंजामिन भांडी घेऊन पाण्याकडे गेलात आणि ग्रेसमावशी मला घेऊन झाडाखाली बसली. तिच्या पुढ्यात केवड्याचं फळ होतं. आपण केवडा डोक्यात माळतो, ते लोक त्यांच्या केवड्याचं मोठं फळ उकडतात आणि एक एक फोड खरवडून त्याचा गर काढतात. तिने माझ्याही हातात एक फोड दिली. दोघी खरवडत बसलो. तिची हिंदी मोडकी, माझी तिच्याहून मोडकी. तरी बायकांना कळायचं ते कळतं. त्सुनामीच्या लाटेत तिचा नवरा आणि दोन मुलगे गेले, बेंजामिनची आई, म्हणजे तिची बहीण, तीही गेली. चौघांपैकी एकही सापडला नाही. मी विचारलं, किती दिवस वाट बघितलीत? ती म्हणाली, "तीन बरसात." रोज सकाळी ती किनाऱ्यावर जाऊन बसायची. बेंजामिन तेव्हा अठराचा, त्याच्या पाठच्या दोन बहिणी लहान.

मी विचारलं, मग वाट बघणं का सोडलंत? तिने फोड खाली ठेवली. म्हणाली, एक दिवस ती लवकर परत आली, तर घरात पोरी हसत होत्या. तिचा पाय वाजला तशा गप्प झाल्या. "मेरे को देख के चुप हो गया. अपने घर में चोर के माफिक हँसता था. मैं बोली, बस. मरा हुआ के वास्ते जिंदा लोग को नहीं मारेगा." एवढं बोलून ती पुन्हा खरवडायला लागली. माझ्या डोळ्यांपुढे विमानतळावरची तू आलीस.

आता जुनं बोलते. रितेशची बोट गेली त्या ऑक्टोबरच्या वादळाला सात वर्षं झाली. बोटीवर चौघेजण होते. बाकीच्या तिघांच्या घरच्यांनी वर्षभरात दिवस घातले, रडून मोकळे झाले. मी मात्र हट्ट धरला, की माझा मुलगा पोहणारा आहे, कुठल्या तरी बंदराला लागला असेल. रोज त्याचं ताट वाढलं. तुला बांगड्या काढू दिल्या नाहीत. तुझे वडील मंडणगडहून आले आणि ओटीवर बसून हलक्या आवाजात म्हणाले, गोदाताई, पोर एकोणतीसची आहे, तिचं पुढे काय? मी त्यांना म्हटलं, तिचा नवरा जिवंत आहे, असलं पुन्हा बोलायचं असेल तर या घरात येऊ नका. ते चहा न घेता गेले. तू आतून ऐकत होतीस. मग तीन वर्षांमागे तू मृत्यूच्या दाखल्यासाठीचा तो कागद आणलास, बोट बुडाली आणि माणूस मिळाला नाही असं तुझ्या नि माझ्या सहीने द्यायचा. मी तो तुझ्यासमोर फाडला. तू तुकडे गोळा केलेस, केर भरलास, आणि महिन्याभरात अंदमानच्या नर्सच्या जागेचा अर्ज केलास. लोकांना मी सांगत राहिले, सून कर्तबगार, सरकारी नोकरी मिळाली. तुला मीच एवढ्या लांब घालवलं, हे मी कधी म्हटलं नाही.

आणि तरी दर रविवारी तुझा फोन यायचा. मला हवं म्हणून तू विचारायचीस, काही कळलं का? तुला उत्तर माहीत होतं. माझ्यासाठी तू आधी घरात, मग फोनवर, सात वर्षं विचारत राहिलीस.

निघायच्या दिवशी धक्क्यावर मी बेंजामिनच्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा तू दचकलीस. मला तेव्हाच बोलायचं होतं. पण बोटीचा भोंगा झाला आणि माझा धीरही सुटला. म्हटलं, आधी करावं, मग सांगावं.

तर मी काय केलं ते ऐक. परवा भटजींना बोलावून मांडवीच्या किनाऱ्यावर रितेशचा विधी केला. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करतात, तसा. माझ्या भावाच्या केतनने अग्नी दिला. तुला न विचारता केलं, यात माझं चुकलं असेल. पण सात वर्षं तुला त्या समुद्रापुढे उभं केलं, आणखी एकदा करवेना. मी रडले, शमिका. चांगली मोठ्याने रडले, कमळा धरून होती. घरी येऊन झोपले ती दुसऱ्या दिवशी उन्हं अंगणात येईपर्यंत. त्या दिवशी ताट एकच वाढलं. आज वकिलांकडे गेले. सात वर्षं झाल्यामुळे आता कोर्टात अर्ज द्यायचा असतो, त्याच्यावर आईची आणि बायकोची सही लागते. तो कागद या पाकिटात आहे, पत्र पाठवायचं खरं कारण हेच. माझी सही खालच्या बाजूला डावीकडे आहे, वाकडी झाली आहे पण वकील म्हणाले चालेल. तुझी उजवीकडे. बेंजामिनविषयी मी तुला काही विचारत नाही, तुझं तू ठरव. ठरवलंस तर मंडणगडला तुझ्या वडिलांकडे मी जाईन, बोलणी करायला मुलीची आई म्हणून बसेन, आणि त्यांची माफीही मागायची राहिली आहे. सही करताना तुझा हात थांबेल. थांबू दे. माझाही बराच वेळ थांबला होता.

तुझीच,
आई