तेलातला तारामासा

अण्णा, तुमचा तारामासा अजून माझ्याकडे आहे. पिंपळे गुरवच्या घरात, पुस्तकांच्या कपाटात, तुम्ही गुंडाळला होता त्याच पिवळट कागदात. कागद उघडला की आधी कंपनीतल्या तेलाचा वास येतो आणि मागोमाग तुम्ही येता. समुद्राचा वास त्याला कधी आलाच नाही.

मी सातवीत होते. तुमच्या खात्याची सहल कोकणात गेली होती आणि किनाऱ्यावरच्या दुकानातून तुम्ही हा वाळलेला तारामासा माझ्यासाठी आणलात. पण घरी देण्याआधी त्याला शिफ्टला घेऊन गेलात, आणि भट्टीतून निघून घासूनपुसून झालेला माल बाहेर पाठवण्याआधी ज्यात बुडवतात, त्या तेलात बुडवलात. दिघीच्या आपल्या खोलीत, आई भाकरी थापत असताना, तुम्ही पुडी माझ्या हातात ठेवलीत आणि म्हणालात, "गंजू नये म्हनून तेल मारलंय. आता शंभर वर्सं काय हुत न्हाई बग त्याला."

"ते काय लोखंड आहे का अण्णा? वाट लावलीत तुम्ही त्याची."

आई परातीवरून मान वर न करता म्हणाली, "बापाशी आसं बोलत्यात व्हय?" तुम्ही मात्र "ऱ्हाऊ दे, चुकलंच माजं" म्हणालात आणि खांद्यावरच्या पंच्यानं त्याची एकेक भुजा पुसत बसलात. पुसून तेल जात नव्हतं. तुम्ही चिडला असतात तर मी एव्हाना विसरलेही असते.

माझं आजचं काम तुम्हाला एका दमात समजलं असतं, आणि तेच सांगायला तुम्ही नाही आहात. खंडेनवमीला घरच्या माणसांना कंपनीत सोडायचे, तेव्हा झेंडूच्या माळा घातलेल्या मशीनजवळ तुम्ही तीन ओतीव तुकडे मांडून विचारलं होतं, "सांग, ह्यातलं भाऊ कोन?" मी सारखे दिसणारे दोन उचलले. तुम्ही हसून तिन्ही उलटे केलेत आणि खालचे आकडे दाखवलेत. एकाच दिवशी, एकाच भट्टीतून ओतलेले दोन तुकडे दिसायला अगदीच वेगळे निघाले. "तोंडावर जाऊ नको. कुटल्या भट्टीतनं आलाय त्ये बग."

आमच्या प्रयोगशाळेत आम्ही तेच करतो, अण्णा. भुजा किती, काटे कसे, पाठ खडबडीत की गुळगुळीत, एवढ्यावरून लोकांनी वर्षानुवर्षं तारामाशांची घराणी लावली. आता त्यांच्या शरीरातली जनुकं वाचली, तर जुळे वाटणारे दोघे लांबचे निघतात, आणि एकमेकांशी काडीचं साम्य नसलेले सख्खे. असं काही निघालं की मला तुम्हाला फोन करावासा वाटतो. इतक्या वर्षांनीही हात फोनकडे जातो, आणि मग मला फार एकटं वाटतं.

गेल्या महिन्यात आमच्या मॅडमनी तुमच्या तारामाशाचा फोटो पाहिला. म्हणाल्या, हा नुसता बघून ओळखू येत नाही. भुजेचा एवढासा तुकडा आण, वाळलेल्यातूनही कधीकधी जमतं. मी रविवारी कागद उघडून, ब्लेड घेऊन स्वयंपाकघरात बसले. एका भुजेच्या खाचेत तुमच्या पंच्याचा धागा अडकलेला आहे, पांढरा, नखाएवढा. तो मला इतक्या वर्षांत दिसला नव्हता.

सोमवारी मॅडमना सांगितलं, "वडिलांनी तो तेलात बुडवला होता, त्यातून काही निघायचं नाही." सगळे हसले, मीही हसले.

ब्लेड मी लावलंच नव्हतं, अण्णा. आळ मात्र पुन्हा तुमच्या तेलावर घातला.