एकतीस नंबरचं जहाज

लोधिवली,
बुधवार, २८ जानेवारी २०२६

तीर्थरूप वनितामावशीस समिधाचा वाकून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? लॉजच्या पायऱ्या आता तरी दुसरं कोणी चढतं, की अजून तूच? माथेरानला थंडी खूप असेल, कानाला बांधत जा. इकडे आजोबा बरे आहेत, मांजर बरं आहे. मी बरी नाही, पण हे दुखणं डॉक्टरांचं नव्हे.

आधी एक चूक दुरुस्त करते, नाहीतर पुढचं पत्र हातून व्हायचं नाही. दिवाळीच्या पत्रात मी तुला मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की आजोबांच्या ट्रंकेतल्या युद्धनौकांच्या फोटोंची वेबसाइट तयार झाली असून तीत एकूण दोनशे बारा जहाजं आहेत. ते खोटं आहे. जहाजं दोनशे अकराच आहेत. दोनशे बारावं पुठ्ठ्याचं आहे. (फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू "हां, बोल" म्हणतेस आणि मग मला बोलताच येत नाही.)

तुला माहीतच आहे, आजोबांनी नौदलातल्या पंधरा वर्षांत जमवलेल्या प्रत्येक फोटोच्या पाठीवर जहाजाचं नाव, बंदर आणि साल पेन्सिलीनं लिहून ठेवलं आहे. मी शाळेत जायच्या आधी त्यांनी मला अक्षरं शिकवली ती ह्याच पाठींवरून. माझा 'क' कमळाचा नव्हताच, कोचीचा होता. अक्षराबरोबर त्यांनी एक नियमही शिकवला होता : "माहीत नसलं की कोरं सोडायचं. कोऱ्याची लाज नसते." आणि मी, जी दुधाच्या पिशवीवरची तारीखसुद्धा दोनदा वाचते, तिनं नेमका हाच नियम मोडला. सगळ्या गठ्ठ्यात एकाच फोटोची पाठ कोरी होती. कर्जतच्या स्टुडिओतून सगळे स्कॅन करून आणले, माहिती भरायला बसले, तर वेबसाइट 'ठिकाण' ही चौकट रिकामी सोडू देईना. मी तिथे 'माहीत नाही' लिहू शकले असते. दोनच शब्द होते. शेजारच्या खोलीत झोपलेल्या आजोबांना विचारूही शकले असते, पण त्यांची झोपमोड नको म्हणून (हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं, खरं कारण, मला सगळं येतं हे दाखवायचं होतं) मी फोटो निरखला. शांत पाणी, दगडी धक्का, मागे सपाट माथ्याचा, काळ्यापांढऱ्या फोटोत ओसाड दिसणारा डोंगर, जहाजाच्या नाकाडावर इंग्रजी आकड्यात ३१. मी लिहिलं : "युद्धनौका क्रमांक ३१. ठिकाण बहुधा एडन. साल बहुधा १९६८." 'बहुधा' दोनदा लिहिलं की पाप अर्धं होतं असं मला वाटत असावं.

मावशी, बाकीच्या दोनशे अकरा फोटोंवर मिळून सात जणांनी काहीबाही लिहिलं. ह्या एकावर एकेचाळीस जणांनी! सगळे निवृत्त नौसैनिक. एकानं दोन धुराड्यांवरून ती विलायती बांधणीची ठरवली, दुसऱ्यानं त्याच दोन धुराड्यांवरून त्याला खोडून काढलं, आणि दोघांचं बोलणं बंद झालं. पनवेलच्या योगेंद्र खराडे नावाच्या एकोणऐंशी वर्षांच्या गृहस्थांनी लिहिलं, "हिच्यावर मी दोन वर्षं काढली. भटारखान्यात उकडायचं फार, पण वळायची लोण्यासारखी." मी हे सगळं आजोबांना वाचून दाखवत होते. (त्यांना आता समोरचं नीट दिसत नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं.) खराडेकाकांनी भेटायला यायचं विचारलं, रविवार, ८ फेब्रुवारी. आजोबांनी तारीख दोनदा विचारून घेतली, मग म्हणाले, "येऊ दे." दुसऱ्या दिवशी त्यांनी पांढरा शर्ट इस्त्रीला दिला. त्यांच्याकडे नौदलातलं कोणी येऊन अकरा वर्षं झाली.

आणि मग परवा चिंधीबाई आली. वाडीवरून वालाच्या शेंगा घेऊन येते ना, तीच. मी ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसले होते. तिनं टोपली उतरवली, पडद्याकडे पाहिलं आणि पोटभर हसली.

"आगं बाय, माझा धोंडा कशाला लावलास यात?"

"कुठला धोंडा?"

"ह्यो काय! ह्यावर मी धुणं धुते. तळ्यावरचा."

मी म्हटलं, चिंधीबाई, हे एडन आहे.

"कंचं येडन? ह्यो माथेरानचा डोंगर नाय व्हय? आन ती होडी तुझ्या आज्यानं केलेली. गणपती बसवला व्हता तिच्यावर मंडळानं. मंग इसर्जनाला देवामागनं सोडली, आन देवाच्या आदी तीच बुडली! आमी पोरी काय हसलो व्हतो गं."

तर मावशी, ज्या डोंगरावर तू पस्तीस वर्षं संसार केलास आणि जो मला आमच्या मोरीच्या खिडकीतून रोज दात घासताना दिसतो, त्याला मी एडन म्हटलं. ३१ हा नौदलाचा क्रमांक नसून ते आपल्या मंडळाचं एकतिसावं वर्ष होतं. धुराडी म्हणजे पावडरचे डबे. खराडेकाका दोन वर्षं उकडून निघाले तो भटारखाना बिस्किटाच्या खोक्याचा. चिंधीबाईनं शेंगा जास्तच घातल्या. मी आजारी दिसत असणार.

संध्याकाळी आजोबांसमोर जाऊन बसले आणि सगळं सांगून टाकलं. रडलेसुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाठ कोरी होती ना? मग तोच."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी. एकतीस नंबरचं जहाज मी एकच बांधलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तो येतो म्हणाला ना गं," आजोबा म्हणाले. "म्हटलं, आला की सांगू. आधी येऊ तर दे."

मी विचारलं, बाकी सगळ्यांवर लिहिलंत, ह्याच एकाची पाठ कोरी का? तुम्हाला तर सगळं माहीत होतं. ते कडेकडेनं माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्याचं रडार नीट बघ." मी फोटो मोठा करून पाहिला. मावशी, ती चहाची गाळणी आहे. दांडा कापलेली, पितळेची. "वनीनं हरवली म्हणून तिच्या आईनं तिला झोडपलं," आजोबा म्हणाले, "आणि मी शेजारी बसून डिंक लावत होतो. बोललो नाही. मंडळात वाहवा चालली होती. मग पाठीवर काय लिहिणार?" कोऱ्याची लाज नसते हे मला शिकवणाऱ्या माणसाची लाज बेचाळीस वर्षं त्या कोऱ्या पाठीवरच होती, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे घराण्यात मी एकटीच नाही, एवढं समाधान आहे. पण ते फार वाईट समाधान आहे.

सर्वांना नमस्कार. कानाला बांध.

तुझी,
समिधा

ता. क. : फोटोखाली मी खरी माहिती लिहिणार आहे. ठिकाण : लोधिवलीचं तळं. बांधणी : बुधाजी आजोबा, पुठ्ठा, डिंक. रडार : चहाची गाळणी, जी वनितानं हरवली नव्हती. हे शेवटचं वाक्य आजोबांनी सांगितलं आहे. तुझं नाव घालायला तुझी परवानगी हवी. उत्तर आलं नाही तर 'त्यांच्या धाकट्या मुलीनं' एवढंच लिहीन.

आणखी एक : खराडेकाकांना मी स्वतः फोन करणार आहे. ते येण्याआधीच, कारण खोट्यावर बोलावून चहा पाजणं मला जमायचं नाही. आजोबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "कर. पण इस्त्री मोडू नको शर्टाची."

खरं ह्यासाठीच पत्र लिहिलं, पण इतका वेळ धीर झाला नाही : खराडेकाका बहुतेक येणार नाहीत. रविवारी तू खाली उतरशील का? आजोबा पांढरा शर्ट घालून बसतील, आणि समोर कोणीतरी हवं. गाळणीचं त्यांना तुझ्यासमोर बोलायचं असेल असंही मला वाटतं. (बहुधा नव्हे. विचारून घेतलं आहे.) पण तू येवोस न येवोस, खराडेकाका येवोत न येवोत, मजकूर बदलणं आणि फोन, दोन्ही मी करणार : शुक्रवार, ६ फेब्रुवारी, सकाळी दहा वाजता, आजोबांच्या शेजारी बसून.