हळकुंड खांद्यावर बसेपर्यंत

७ सप्टेंबर, रविवार
मी अकरा वर्षांची असताना माझे वडील, अण्णा, एकदा म्हणाले होते, "शीतल, तू माया न्हाई करत, पाठलाग करतीस." शेळीचं करडू माझ्या भीतीनं दुपारभर बाजेखाली बसलं होतं, त्यावरून. मला ते वाक्य अजिबात लागलं नव्हतं. बत्तीस वर्षं लक्षात आहे, एवढंच.

आज नांदेडहून पोपट आणला. आपला हिरवा नव्हे, तो पाळायला कायद्यानं बंदी आहे. हा परदेशी, कॉकटेल म्हणतात. अंग राखाडी, तोंड आणि तुरा पिवळा, गालांवर नारिंगी टिकल्या. दुकानदार उत्तमसिंग म्हणाला, "मॅडम, पंधरा दिन में हाथ पे बैठेगा." पंधरा दिवस इतरांना. मी अठरा वर्षं डोंगरकड्याच्या शाळेत चौथीचा वर्ग सांभाळतेय. मला आठ पुरेत.

नाव सुवर्ण ठेवलं.

भूषण म्हणाले, लेक जाई पुण्याला नर्सिंगला गेली, घर खायला उठतंय, म्हणून तू पोपट आणलास. नवऱ्यांना काहीही वाटतं. मला पक्ष्यांची आवड पहिल्यापासून आहे.

संध्याकाळी जाईशी फोन. दिवाळीच्या सुट्टीत येणार नाही म्हणाली, मैत्रिणींबरोबर अलिबागला जायचंय. मी पोपटाचं सांगितलं. त्यावर ती जे म्हणाली ते शब्दशः लिहून ठेवते: "पोपट खांद्यावर बसायला लागला ना, की येते बघायला." हसत म्हणाली. पण म्हणाली.

दिवाळीला सहा आठवडे आहेत. भरपूर.

८ सप्टेंबर, सोमवार
वेळापत्रक करून पिंजऱ्याजवळ लावलं. सहा ते साडेसहा परिचय. साडेसहा ते सात हस्तस्पर्श. शाळेतून आल्यावर गप्पा. रविवारी उजळणी.

परिचय झाला. हस्तस्पर्शही झाला. चावला, रक्त आलं. म्हणजे दखल घेतली.

१० सप्टेंबर, बुधवार
भांडी घासायला येणाऱ्या जनकाबाईंनी पिंजऱ्यात डोकावून विचारलं, "हे अंडं देतंय का?" नर आहे म्हटलं. "मंग नुसतं बसून खानार. तसं एक हायेच की घरात." भूषण पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

बाई त्याला हळकुंड म्हणतात. पिवळं आणि वाळकं, म्हणून. मी सांगितलं, नाव सुवर्ण आहे, दोन नावांनी लेकरं गोंधळतात. "बराबर," म्हणाल्या, आणि जाताना, "येते रे हळकुंडा."

त्यानं तुरा उभा केला. रागानं असणार.

१४ सप्टेंबर, रविवार
आठ दिवस पूर्ण. हातावर नाही. पण कारणं सापडली आहेत: माझ्या लाल बांगड्या, फोडणीचा वास, पंख्याची सावली, भूषणचं खोकणं. बांगड्या काढल्या. फोडणी बंद. भूषणना अंगणात खोकायला सांगितलं. पिंजरा चौथ्यांदा हलवला.

उत्तमसिंगला फोन केला. म्हणाला, "मॅडम, उसको थोडा टाइम दो." याला काय कळतं! रोज तीन तास देतेय.

जाईला दोन मिस कॉल दिले. दिवसातून एकच फोन करायचा असं तिनं ठरवून दिलंय. मिस कॉल हा फोन नव्हे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
हस्तस्पर्शासाठी भूषणचा मोजा हातात घातला. सुवर्ण पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात गेला तो उतरेचना. मोजा धुतलेला नव्हता. दोष पद्धतीचा नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार
यश!! सुवर्ण शिट्टी वाजवायला शिकला. मी रोज गाण्याची चाल ऐकवत होते, तो कुकरची शिकला. हुबेहूब. आज मी तीन शिट्ट्या मोजून गॅस बंद केला, त्यातली कुकरची एकच होती. भूषण म्हणाले, डाळीला चव चांगली आहे, फक्त चावून जबडा भरून आला.

कुकर माझाच आहे. म्हणजे माझ्याकडूनच शिकला.

जाईला सांगायला फोन केला, ती वॉर्डात होती. नंतर करते म्हणाली. नऊ वाजले.

२ ऑक्टोबर, गुरुवार
सुट्टी. निर्णायक पाऊल उचललं. पिंजऱ्याचं दार उघडून बाजूला बसले. आपणहून येऊ द्यायचं, घाई करायची नाही.

दहा मिनिटं वाट बघितली. मग टॉवेल घेतला.

पडद्याच्या दांडीवरून कपाटावर, कपाटावरून बंद पंख्यावर, पंख्यावरून परत दांडीवर. दोन तास. तेवढ्यात जनकाबाई आल्या. "काहून पळून राहिल्या बाई त्याच्या मागं? दम खावा जरा. त्यालाबी खाऊ द्या." आणि मोरीत बसून भांडी घासायला लागल्या.

पाच मिनिटांत सुवर्ण खाली उतरला. ओट्यावरून चालत गेला. तिथून बाईंच्या खांद्यावर.

त्यांनी मान वळवून बघितलंसुद्धा नाही. "साडी खराब केलीस तं बघ, हळकुंडा," एवढंच म्हणाल्या, आणि कढई पालथी केली.

त्याची गफलत झाली असावी. पाठमोऱ्या आम्ही सारख्याच दिसतो.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
पुन्हा. योगायोग.

४ ऑक्टोबर, शनिवार
पुन्हा. त्यांच्या कानातलं ओढत होता. आवाज काढत होता. कुकरचा नाही, वेगळाच, बारीक. मी कधी ऐकला नव्हता.

७ ऑक्टोबर, मंगळवार
त्याला काय खाऊ घालता, असं बाईंना स्पष्टच विचारलं. म्हणाल्या, "काई न्हाई. मी माझं काम करते, ते त्याचं करतंय." मग भांडी पुसता पुसता, "तुमचं लई लक्ष असतंय बाई. मलाच तकलीफ होती, पाखराला किती होत आसंल."

लक्ष असणं हा शिक्षकाचा गुण आहे, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्या तोवर गेल्या होत्या.

९ ऑक्टोबर, गुरुवार, संध्याकाळी ६.४०
घटक चाचणीचे पेपर तपासत होते. पिंजऱ्याकडं पाठ होती, दार उघडं राहिलं होतं. टेबलावर नखांची टिकटिक ऐकू आली. कोपरापाशी आला. पेपरचा कोपरा ओढला. मुंजाजीच्या भागाकाराला भोक पाडलं.

मी बघितलं नाही. श्वाससुद्धा घेतला नाही. अर्धा मिनिट तरी. मग नुसतं "बाळा" म्हटलं.

आता दांडीवर आहे. पण अर्धा मिनिट म्हणजे कमी नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार
जाईचा फोन. तिचा! अलिबागला येणार की नाही, हे मैत्रिणींना मंगळवारपर्यंत सांगायचंय म्हणे. मग विचारलं, "बसला का गं तुझा पोपट खांद्यावर?"

मी म्हटलं, बसतो.

खोटं नाही. बसतो.

"व्हिडिओवर दाखव." लाईट गेलीय म्हटलं. भूषण लाईटीच्या ऑफिसात नोकरीला आहेत. त्यांनी डोक्यावरच्या बल्बकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि अंगणात खोकायला गेले.

१३ ऑक्टोबर, सोमवार
अंतिम योजना. जनकाबाईंना म्हटलं, माझी जांभळी साडी नेसा, कॅमेऱ्याकडं पाठ करून दोन मिनिटं उभ्या राहा, बोलायचं ते मी बाजूनं बोलते.

बाई हसून हसून खाली बसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "अन् पोरगी म्हनली, आई जरा तोंड फिरव, मंग?"

हा मुद्दा सुटला होता.

मग हसणं थांबलं. "लेकराला फसवून काहून बोलवता बाई? ये म्हना की." आवाज जरा खाली आणून म्हणाल्या. मी म्हटलं, म्हटलंय. रोज म्हणते. "तेच तं," म्हणाल्या आणि घासणी उचलली.

हळकुंड त्यांच्या खांद्यावर झोपला होता. माझ्याकडूनही आता तेच नाव निघतं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
वेळापत्रक काढून टाकलं. मागं पिवळा डाग राहिलाय भिंतीवर.

दिवसभर जाईला फोन केला नाही. मिस कॉलही नाही. मेसेज सात वेळा लिहिला, सहा वेळा पुसला. उत्तर काय येणार ते माहीत आहे, तिनं बॅगसुद्धा भरली असेल. तरी पाठवते. इथं उतरवून ठेवते, म्हणजे काय लिहिलं त्यावर पुढं वाद नको:

जाई, फोटो बघ. खांदा जनकाबाईंचा आहे. माझ्या खांद्यावर तो एकदाही बसलेला नाही. पण सात सप्टेंबरला तू काय म्हणालीस ते माझ्याकडं लिहून आहे, आणि त्यात कुणाच्या खांद्यावर ते नव्हतं. तर ये. दोनच दिवस ये, मग जा अलिबागला. मी तुझ्याकडं सारखी बघत बसणार नाही. पाठ करून पेपर तपासत बसेन.